पूर ओसरल्यावर नेत्यानं गावात कसं यावं?

प्रश्न असा आला आहे: "मी वर्धा नदीकाठच्या एका गावची सरपंच आहे. पहिलीच वेळ. जुलैच्या पुरात आमच्याकडे चाळीसेक घरांत पाणी शिरलं, दोन घरच्या बैलजोड्या वाहून गेल्या, रपटा, म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल, ओलांडताना एक माणूस गेला. नंतर आमदार आले, पालकमंत्री आले, आता खासदार येणार आहेत. लोक म्हणतात, हे सगळे फोटोला येतात. मी स्वतः मयताच्या घरी गेले तर तोंडातून शब्द फुटला नाही. पुढाऱ्यांच्या येण्याचा खरंच उपयोग असतो का? आणि मी काय करू?"

ताई, मयताच्या घरी तुमच्या तोंडून शब्द फुटला नाही, ही चूक नव्हे. तुम्ही गेलात आणि खाली बसलात, एवढं त्या घराच्या लक्षात राहतं. चूक त्याची होते जो तिथं फार बोलतो.

मी महसूल खात्यात ३४ वर्षं होतो. १९८९ मध्ये तलाठी म्हणून लागलो, पुढे मंडळ अधिकारी झालो, २०२३ मध्ये नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. वर्धा, वैनगंगा, पैनगंगा या तिन्ही नद्यांचे पूर पाहिले, गारपीट पाहिली, वीज पडून गेलेल्या माणसांचे पंचनामे केले. दर वेळी मागून येणारे दौरेही पाहिले, आणि त्यांची आखणी बरेचदा माझ्याकडेच असायची. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर देतो. उपयोग असतो, फार असतो. फक्त पहिल्या भेटीत नेत्यानं कमी बोलावं आणि दुसऱ्यांदा यायला चुकू नये. ज्यानं हे उलटं केलं, त्याच्या कळवळ्यानंच गावाचं नुकसान झालेलं मी पाहिलं आहे.

३० जुलै १९९१ ला वर्धा नदीनं नरखेड तालुक्यातलं मोवाड गाव धुऊन नेलं. २०४ माणसं गेली. मला नोकरीला दोनच वर्षं झाली होती. शेजारच्या भागातून आम्हा तलाठ्यांना तिकडे पाठवलं होतं. हातात कोरे कागद, आणि लिहायचं काय ते कळत नव्हतं, कारण ज्याला विचारावं तो आपलं नुकसान सांगायच्या आधी पाणी आलं तेव्हा तो कुठं उभा होता ते सांगायचा. दार कसं फुटलं, कोणाचा हात सुटला, कोण कवेलूच्या छपरावर चढलं. मी घाईनं विचारायचो, "घर पक्कं होतं की कच्चं?" माझ्याबरोबरच्या एका जुन्या मंडळ अधिकाऱ्यांनी माझा कागद खाली ठेवायला लावला. म्हणाले, आधी ऐकून घे, मग तो स्वतःच सगळं लिहून देईल. पुढच्या सगळ्या नोकरीत मला हे पुरलं, आणि पुढाऱ्यांनाही मी हेच सांगत आलो. पुरातून वाचलेल्या माणसाला सगळ्यात आधी ते सांगायचं असतं. ते ऐकायला कलेक्टर लागत नाही, पण जितका मोठा माणूस समोर बसून ऐकतो, तितकं त्याला वाटतं की आपल्यावर जे गुजरलं ते कुठंतरी नोंदलं गेलं.

आता वेळेबद्दल. पहिले दोन दिवस गावात दौरा नकोच, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या दोन दिवसांत तहसीलदार, पोलीस, वीज मंडळाचा लाईनमन, बीडीओ हे सगळे बोटीमागे, तुटलेल्या तारांमागे, अडकलेल्या वाड्यांमागे असले पाहिजेत. ताफा आला की हीच माणसं ताफ्यामागे जातात. जुलै २०२१ च्या पुरात शरद पवारांनी नेत्यांना पूरग्रस्त भागातले दौरे टाळा असं जाहीर सांगितलं होतं. १९९३ च्या किल्लारी भूकंपाच्या वेळी ते मुख्यमंत्री होते. तेव्हा पंतप्रधान नरसिंह रावांना काही दिवस येऊ नका अशी आपण विनंती केली होती, हीही आठवण त्यांनी सांगितली होती. ते स्वतः मात्र त्याच सकाळी किल्लारीत पोहोचले होते. यात विरोध नाही. ज्याच्या हातात यंत्रणा आहे त्यानं लगेच यावं, ज्याला फक्त भेटायचं आहे त्यानं थांबावं.

मग थांबणाऱ्यानं करायचं काय? फोन. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष जिल्हाधिकारी असतो आणि लोकांतून निवडून आलेला जिल्हा परिषद अध्यक्ष सहअध्यक्ष असतो. म्हणजे लोकप्रतिनिधी हा या कामात पाहुणा नाही. धरणाचे दरवाजे किती वाजता, किती उघडणार आणि ते शेवटच्या गावाला कधी कळणार, हे विचारत राहणं त्याचं काम आहे. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेला पूर आला. मध्य प्रदेशातल्या संजय सरोवर धरणाचं पाणी खाली आलं, गोसीखुर्द धरणाचे सगळे ३३ दरवाजे उघडले गेले, आणि भंडाऱ्यापासून ब्रह्मपुरी, गडचिरोलीपर्यंत नदीकाठच्या बांध्यांतलं धान बुडालं. तेव्हा मी ज्या ज्या गावात गेलो तिथं पाण्यापेक्षा निरोपाबद्दल राग जास्त होता. "सायेब, पानी तं येतेच. पन रातीच सांगतलं असतं तं ढोरं तरी सोडले असते." त्या रात्री एखाद्या पुढाऱ्यानं पाच सरपंचांना फोन केला असता, तर त्याला नंतर चिखल तुडवत यायची गरजही पडली नसती.

आता ज्यासाठी मी हे मुद्दाम लिहायला बसलो, ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका गावात मोठे नेते आले. चिखलात उतरले, गुडघाभर पाण्यातल्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले आणि ते खरे होते, मी हातभर अंतरावर होतो. त्या भरात ते बोलून गेले, "एकही कास्तकार, एकही शेतकरी सुटणार नाही. सरसकट मदत देऊ. कागदांची चिंता करू नका." लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी आमचा तलाठी आणि कृषी सहायक पंचनाम्याला गेले, तर कोणी वावरात यायला तयार नाही. "पंचनामा कायले पायजे आता? भाऊनं सरसकट म्हटलं ना!" काहींनी सडलेलं सोयाबीन उपटून वावर रब्बीसाठी मोकळंही केलं. पंधरा दिवसांनी शासन निर्णय आला, तो नेहमीसारखाच होता. ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान, पंचनाम्यात नाव, दोन हेक्टरची मर्यादा. ज्यांनी पंचनामा करून घेतला नव्हता त्यांची नावं यादीत नव्हती. घेराव तलाठ्याला पडला. तो पोरगा नवीन होता, त्यानं बदली मागून घेतली. आणि ज्या नेत्यांच्या डोळ्यांत खरं पाणी होतं, त्यांना ते गाव आजही खोटारडं समजतं.

म्हणून ताई, खासदार येतील तेव्हा गाडीतून उतरायच्या आधीच त्यांना एवढं सांगा, की साहेब, सरसकट हा शब्द वापरू नका. त्याऐवजी साधं बोलता येतं: "किती मिळेल ते आज सांगता येत नाही. पण पंचनाम्यात नाव नसेल तर काहीच मिळत नाही, म्हणून तलाठी येईपर्यंत वावर सोडू नका. यादी लागली की मी परत येतो." याला टाळ्या पडत नाहीत. पण लोकांना ते समजतं आणि ते पाळतात.

दर तुम्हालाही पाठ असू द्या, कारण लोक नेत्यानंतर तुम्हालाच विचारणार. आपत्ती निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या केंद्रीय निकषांप्रमाणे कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकाला २२,५००. दुधाळ गाय-म्हैस गेली तर ३७,५००, ओढकाम करणारा बैल गेला तर ३२,०००. माणूस गेला तर वारसाला ४ लाख. राज्य सरकार कधी यात भर घालतं, कधी मर्यादा वाढवतं, ते त्या त्या वेळच्या शासन निर्णयात पाहायचं. पीकविमा हे वेगळं प्रकरण आहे, त्याची यात गल्लत होऊ देऊ नका.

तुमच्या घरांबद्दल एक गोष्ट आजच करा. आपल्याकडची जुनी घरं मातीच्या भिंतींची. पाणी ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी भिंत उभीच असते, पंचनाम्यात "अंशतः" असं लिहिलं जातं. ओली भिंत आठ-दहा दिवसांनी ऊन लागलं की बसते. त्याच निकषांत अंशतः पडलेल्या कच्च्या घराला ४,००० रुपये आहेत आणि पूर्ण पडलेल्या घराला सपाट प्रदेशात १ लाख २० हजार. एका शब्दात घर जातं. दहाव्या दिवशी पुन्हा गल्लीतून फिरा, बसलेल्या भिंतींचे फोटो काढा, फेरपंचनाम्याचा अर्ज तहसीलला द्या आणि त्या अर्जावर आमदारांचं पत्र लावा. आमदाराच्या सहीला सगळ्यात जास्त किंमत इथं आहे.

रपट्यावर गेलेल्या माणसाचंही सांगतो, कारण अशा प्रकरणांत एक वाद हमखास निघतो. "तो स्वतःहून पाण्यात उतरला, ही नैसर्गिक आपत्ती कशी?" असं कोणीतरी टेबलामागून म्हणतं. पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल यांत पुराच्या पाण्यात वाहून गेल्यानं मृत्यू हे स्पष्ट आलं आहे का, ते आत्ताच बघून घ्या. आणि त्याच्या बायकोचं स्वतःच्या नावाचं बँक खातं आहे का ते विचारा. एका गावात वीज पडून गेलेल्या माणसाच्या बायकोला समारंभात, सगळ्यांसमोर धनादेश दिला गेला. मांडीवर वर्षाचं लेकरू. फोटो झाले. तिचं खातं नव्हतं, तो कागद तिच्या पेटीत दीड महिना पडून राहिला. तिनं कोणाला सांगितलंही नाही, तिला वाटलं हेच सरकारी पैसे असतात. तिला त्या दिवशी मंचावर नेण्याऐवजी कोणी बँकेत नेलं असतं, तर तो कळवळा झाला असता.

भेटीच्या वेळी वागायचं कसं, हे थोडक्यात. खुर्च्या मांडू नका. ज्याच्या घरात बसायला सतरंजी कोरडी नाही, त्याच्या दारात प्लास्टिकच्या पन्नास खुर्च्या बऱ्या दिसत नाहीत. नेत्यांना ओसरीवर बसवा. मंत्री चालणार तेवढ्याच वाटेवर मुरूम टाकू देऊ नका. टाकायचाच तर शेवटच्या घरापर्यंत टाकू द्या, नाहीतर चिखल तसाच राहू द्या. कास्तकाराला हातात कोंब फुटलेलं सोयाबीन धरून उभं करू नका. ज्याला दाखवायचं तो स्वतः दाखवतो. म्हातारा माणूस पाया पडायला वाकला तर वाकायच्या आधी त्याला धरायचं. कोणी पाण्याचा तांब्या पुढे केला तर हात मागे घ्यायचा नाही. पुरानंतर विहिरीचं पाणी प्यायचं नसतं हे खरं, पण तांब्या हातात घेऊन शेजारी ठेवता येतो, आणि तिथंच विहिरीत ब्लीचिंग पावडर पडली का ते विचारता येतं.

तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी त्या सगळ्या पुरुष नेत्यांकडे नाही. तुम्ही चुलीपर्यंत जाऊ शकता. गडीमाणसं बाहेर ओट्यावर नुकसान सांगतात, बायका आत खरं सांगतात: किती दिवस चूल पेटली नाही, पोरीच्या लग्नाचं काय भिजलं, कृषी केंद्राची उधारी किती, बचत गटाचा हप्ता कधी, घरातला माणूस रात्री झोपतो का. हा शेवटचा प्रश्न विसरू नका. आपल्या भागात नापिकीनंतर घरं कशी उद्ध्वस्त झाली ते आपण वेगळं सांगायला नको. जो माणूस आधी भांडत होता आणि आता गप्प झाला, त्याच्या घरी दर दोन-तीन दिवसांनी कोणीतरी गेलंच पाहिजे. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची माणसं तुमच्या गावात असतील तर त्यांना सांगा, ती जातात.

खर्चाबद्दल मला एक जुनी गोष्ट नेहमी आठवते. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचे हिशेब जे. सी. कुमारप्पांकडे होते. गांधीजी तिथं दौऱ्यावर आले तेव्हा त्यांच्या आणि सोबतच्यांच्या खर्चाचा बोजा मदतनिधीवर टाकायला कुमारप्पांनी नकार दिला, आणि गांधीजींनी ते मानलं. हेच कुमारप्पा पुढे वर्ध्याच्या मगनवाडीत येऊन ग्रामोद्योगाचं काम करत राहिले. आपल्याच मातीतली ही शिस्त आहे. दौऱ्याच्या मांडवाचा, चहाचा, हाराचा एक रुपयाही ग्रामपंचायतीतून जाऊ देऊ नका. आणि हार तर नकोच.

आता अशा लोकांबद्दल, ज्यांच्याबद्दल दौऱ्यात कोणीच विचारत नाही. सातबारा ज्याच्या नावावर, मदत त्याच्या खात्यात. पण तुमच्या गावात मक्त्यानं, म्हणजे दुसऱ्याचं वावर ठरलेल्या पैशावर घेऊन, शेती करणारे किती आहेत? बियाणं त्याचं, खत त्याचं, उधारी त्याची, आणि पैसे मालकाच्या खात्यात. नवरा गेलेल्या बायका किती आहेत, ज्यांचं वावर अजून सासऱ्याच्या नावावर आहे? वनहक्काचा पट्टा मिळालेले, पण महसुली यादीत नाव नसलेले? शेतमजूर तर कुठल्याच पंचनाम्यात नाहीत. पीक गेलं तसा त्यांचा निंदणाचा, वेचणीचा रोजही गेला, पण रोजाचा पंचनामा होत नाही. मी स्वतः शेकडो पंचनामे केले आणि या माणसांच्या दारावरून कागद घेऊन पुढे गेलो. ते मला आजही टोचतं. माझ्या हातात रकाना नव्हता. पण नेत्याच्या हातात असतो. तो रोजगार हमीची कामं लगेच सुरू करायला लावू शकतो, मक्तेदाराला अर्धी तरी रक्कम द्या असं मालकाला चार माणसांत सांगू शकतो, वारसनोंदीचं शिबिर गावात लावू शकतो. या लोकांची यादी सरकार करणार नाही, ती तुम्ही करा. एका कागदावर, हातानं. आणि खासदारांच्या हातात निवेदन म्हणून तोच कागद द्या. रस्ता आणि पुलाचं निवेदन नंतरही देता येईल.

लोक चिडतील. चिडू द्या. एका आमदारांना मी भर उन्हात पाऊण तास शिव्या खाताना पाहिलं आहे. पोलीस पुढे झाले तर त्यांनी हातानं थांबवलं. शेवटी एवढंच बोलले, "मी उशिरा आलो. तुमचं खरं आहे." त्यानंतर त्याच लोकांनी त्यांना पडलेली घरं एकेक करून दाखवली. जिथं पोलिसांनी माणसं बाजूला केली तिथं दौरा दहा मिनिटांत संपला आणि गावाकडे कोणाचीच नोंद राहिली नाही.

आणि दुसरी भेट. ती साधारण यादी लागल्यावर, म्हणजे महिना-दीड महिन्यानं असावी. तोवर कॅमेरे गेलेले असतात, बातमी शिळी झालेली असते, आणि खरे अडथळे तेव्हाच सुरू होतात. केवायसी होत नाही, अंगठा उमटत नाही, सातबाऱ्यावर आणि आधारवर नाव वेगळं, बँकेनं मदतीची रक्कम कर्ज खात्यापायी अडवून ठेवलेली. यातली बहुतेक कामं एका फोननं होतात. पण तो फोन कास्तकारानं केला तर उचलला जात नाही आणि लोकप्रतिनिधीनं केला तर उचलला जातो.

मला आठवतात एक जिल्हा परिषद सदस्य. नाव सांगत नाही, त्यांना ते आवडणार नाही. नाल्याच्या पुरात एका घरचे दोन्ही बैल गेले होते. तेव्हा ते इतरांसारखेच येऊन गेले, फारसं बोलले नाहीत. मग पोळा आला. गावात तोरण बांधलेलं, बैल सजलेले, पोळ्याच्या झडत्या म्हणणं चाललेलं, आणि हा माणूस दार लावून घरात. संध्याकाळी हे सदस्य मोटारसायकलवर एकटेच आले आणि त्याच्या ओट्यावर बसले. बराच वेळ बैलांचीच गोष्ट चालली, कोणाचा खांदा कसा होता, कोणता डावीकडे चालायचा. उठताना त्यांनी विचारलं, पैसे आले का? आले नव्हते. बैल वाहून गेलेले, मिळाले नाहीत, म्हणून शवविच्छेदन नाही, म्हणून पशुवैद्यकाचा दाखला नाही, म्हणून प्रकरण माझ्याच टेबलावर पडून होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्यासमोर उभे होते. शेजाऱ्यांचे जबाब, बैल विकत घेतल्याची बाजाराची पावती आणि पोलीस पाटलाचा दाखला त्यांनी आदल्या रात्रीच गोळा केला होता. मला फक्त सही करायची होती.

तुमच्या गावातही दोन घरचे बैल गेले आहेत, ताई. पोळ्याला अजून दिवस आहेत. त्या दोन्ही घरची बाजाराची पावती सापडते का, ते या आठवड्यातच बघा. पावती भिजली असेल तर ज्याच्याकडून जोडी घेतली त्याचा जबाब घ्या. आणि पोळ्याच्या संध्याकाळी त्या दोन ओट्यांवर जाऊन बसा.